सेवा, न्याय आणि सभागृहातला प्रश्न : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तहसील कचेरीबाहेर लोकांना अर्ज लिहून देता देता जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. रांगेत दाखल्यासाठी उभा असलेला माणूस आणि कोर्टात तारखेसाठी आलेला माणूस बहुतेक वेळा एकाच घरातला असतो. म्हणून सरकारी सेवा आणि न्यायदानाचं प्रशिक्षण हे दोन्ही विषय एकाच पानावर घेतले आहेत.

आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारून खरंच काही हलतं का?

हलतं, पण प्रश्न नेमका असला तरच. प्रश्न स्वीकृत झाला की विधानमंडळ सचिवालयातून तो संबंधित खात्याकडे जातो. मंत्रालयातून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, तिथून प्रांत आणि तहसीलदारांकडे माहितीची मागणी येते. कचेरीत याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेचा प्रश्न) म्हणतात आणि तो आला की बाकीचं टपाल बाजूला राहतं. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे कपाटातली फाइल टेबलावर येते, कधी कधी उत्तर पाठवायच्या आधीच निकाली निघते.

प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येतं. ‘जिल्ह्यात दाखले मिळत नाहीत’ असं विचारलं की ‘दाखले नियमित देण्यात येतात’ एवढ्यावर विषय संपतो.

आमदार, खासदार की विधान परिषदेचे सदस्य? जायचं कुणाकडे?

विषय कोणत्या सरकारचा आहे ते आधी पाहा. सातबारा, फेरफार, मोजणी, जातीचा दाखला, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका न्यायालयाची इमारत हे राज्याचे विषय, म्हणजे आमदारांकडे. साताऱ्यात विधानसभेचे ८ मतदारसंघ आहेत, सांगलीतही ८. रेल्वे, टपाल, पासपोर्ट, राष्ट्रीय महामार्ग हे खासदारांकडे. भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीचा खर्चही केंद्राच्या विधी व न्याय मंत्रालयाकडून होतो, तेव्हा तोही खासदारांचा विषय.

विधान परिषदेचा विसर लोकांना फार लवकर पडतो. पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार आपलेही प्रतिनिधी आहेत, कारण त्या मतदारसंघात पुणे, सोलापूर, कोल्हापूरबरोबर सातारा आणि सांगली येतात. तुमच्या आमदारांचे प्रश्न आधीच भरलेले असतील तर हा दुसरा दरवाजा ठोठवायला काहीच हरकत नाही.

तारांकित, अतारांकित, लक्षवेधी यांत फरक काय?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी ताकद उपप्रश्नांत असते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. आकडे हवे असतील तर हा प्रकार उत्तम, कारण आकड्यांचा तक्ता तोंडी सांगता येत नाही. अल्पसूचना प्रश्न तातडीच्या बाबीसाठी. लक्षवेधी सूचना विधानसभेच्या नियम १०५ खाली येते. त्यात मंत्र्यांचं निवेदन आधी छापून येतं आणि मग सदस्य त्यावर विचारतात. मोठ्या विषयावर, उदाहरणार्थ पूर किंवा दुष्काळ, नियम २९३ अन्वये चर्चा मागतात. उत्तर मिळूनही समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चेची सोय आहे.

प्रश्न लिहायचा कसा?

ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. आमदारांच्या कार्यालयात तयार मसुदा देता आला तर काम अर्धं होतं. विधानमंडळाच्या प्रश्नाला एक ठरलेला साचा आहे:

‘(१) अमुक तालुक्यात वारस नोंदीचे अर्ज विहित मुदतीत निकाली काढण्यात आलेले नाहीत, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, अमुक तारखेअखेर मुदत उलटलेल्या अर्जांची मंडळनिहाय संख्या किती आहे;
(३) असल्यास, लोकसेवा हक्क अधिनियमान्वये किती पदनिर्देशित अधिकाऱ्यांना शास्ती लावण्यात आली;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

शेवटची ओळ कधीही गाळू नका. ‘विलंबाची कारणे काय आहेत’ या एका ओळीमुळे खात्याला कारण कागदावर लिहावं लागतं.

पहिल्या भागात फार काही कोंबू नका. मी स्वतः ही चूक केली आहे. एका प्रश्नाच्या पहिल्या भागात तीन गावं, दोन वर्षं आणि एका कर्मचाऱ्यावरचा आरोप असं सगळं एकत्र लिहिलं होतं. त्यातलं एक गाव चुकीचं निघालं आणि उत्तर आलं, ‘हे खरे नाही’. पुढच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. दोन गावांतली माणसं खरं सांगत होती, त्यांचंही म्हणणं माझ्या लिहिण्यामुळे बुडालं. तेव्हापासून पहिल्या भागात मी फक्त तेवढंच लिहितो, जे कागद दाखवून सिद्ध करता येईल. ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तरी पुढचे भाग जिवंत राहतात.

प्रश्नात मत, उपरोध, ऐकीव गोष्ट किंवा न्यायप्रविष्ट बाब असली की तो नाकारला जाऊ शकतो. नाव घेऊन आरोप करण्यापेक्षा तारखा आणि अर्ज क्रमांक द्या.

लोकसेवा हक्क कायदा नेमकं काय देतो?

मुदत देतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. आधी २८ एप्रिल २०१५ पासून अध्यादेश होता, म्हणून तो दिवस सेवा हक्क दिन म्हणून पाळतात. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेसाठी किती दिवस लागतील आणि कोणता अधिकारी जबाबदार आहे (तोच ‘पदनिर्देशित अधिकारी’) हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी दिलं पाहिजे.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथे समाधान झालं नाही तर दुसरं अपील. त्यानंतर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते.

रक्कम लहान वाटेल, पण ती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाते.

मग आधी अपील करायचं की आधी आमदारांकडे जायचं?

आधी पोच, मग अपील, मग आमदार. कितीतरी लोक तोंडी चकरा मारतात. ‘भाऊसाहेब म्हणाले पुढच्या आठवड्यात या’, आणि चार महिन्यांनंतरही हातात कागद नसतो. ज्या अर्जाची पोचच नाही, त्याची मुदत कायद्याच्या दृष्टीने सुरूच होत नाही. अशा माणसासाठी आमदारही काय विचारणार?

आमच्या घरातलीच एक वारस नोंद अकरा महिने अडकली होती. आईला मी दर वेळी सांगायचो, होईल. अकराव्या महिन्यात लक्षात आलं की पहिल्या अर्जाची पोचच आपल्याकडे नाही. नवा अर्ज दिला, पोच घेतली, मुदत संपताच अपील केलं, मग नोंद झाली. आईचे ते महिने गेले ते गेलेच.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो, तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा. तिथे दिलेल्या अर्जाचा टोकन क्रमांकही जपून ठेवा. आमदारांना देण्याच्या कागदांत तो फार उपयोगी पडतो. माहितीच्या अधिकारातून, १० रुपयांच्या अर्जावर, मुदत उलटलेल्या अर्जांची संख्या आधी काढून घेतली तर प्रश्नाचा पहिला भाग कुणालाही नाकारता येत नाही.

न्यायाधीशांना प्रशिक्षण कोण देतं?

तालुक्याच्या कोर्टात बसणारे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी यांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मग मुलाखत. निवड झाल्यावर ठाणे जिल्ह्यात उत्तनला असलेल्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत वर्ग होतात आणि जिल्हा न्यायालयांत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण मिळतं. सेवेत असलेल्यांसाठीही तिथे सत्रं होतात. देशपातळीवर भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, १९९३ मध्ये स्थापन झालेली.

न्यायाधीश शिकून घडतो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं विसाव्या वर्षापर्यंत शिक्षण झालं नव्हतं, असं साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे ते काशीला जाऊन धर्मशास्त्र शिकले, आणि नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनात राघोबादादांना दोषी ठरवायला कचरले नाहीत. आपण त्यांचं नाव घेतो ते निर्भयपणासाठी. पण त्या निर्भयपणाखाली काशीतली शिकवणी होती, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा जन्मही १९०१ मध्ये साताऱ्याचाच.

मग आमदार न्यायाधीशांच्या प्रशिक्षणावर सरकारला विचारू शकतात का?

काही भागावर विचारू शकतात, काहीवर नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे. न्यायाधीशांना काय शिकवायचं, कुणाला कुठे नेमायचं, हे मंत्री ठरवत नाहीत आणि ठरवूही नये. त्यावर प्रश्न टाकला तर ‘बाब उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील आहे’ असं उत्तर येईल, आणि ते बरोबरच असेल.

पैसा मात्र सरकार देतं. न्यायालयांची पदं मंजूर करणं, इमारती, निवासस्थानं, संगणक, लघुलेखक आणि बेलीफ यांची पदं, अकादमीसाठी केलेली तरतूद हे सगळं विधी व न्याय विभागातून जातं. म्हणून असं विचारा: उच्च न्यायालयाकडून प्रशिक्षणासाठी किंवा नव्या पदांसाठी प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, तो वित्त विभागाकडे कधी गेला, आज कुठे आहे, निधी किती दिला आणि किती खर्च झाला. याला मंत्र्यांना ‘माझ्या अखत्यारीत नाही’ म्हणता येत नाही.

उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी दिलेल्या निकालावर, त्यांच्या कामकाजावर विधानमंडळात चर्चा करायला अनुच्छेद २११ ची मनाई आहे. एखाद्या निकालामुळे मन दुखावलं असेल तर त्याचा रस्ता अपील हाच. आमदारांना त्यात ओढू नका.

तहसीलदारही निकाल देतात. त्यांचं काय?

या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेतकऱ्याची पहिली न्यायाची पायरी कोर्ट नसतेच, ती तहसील असते. वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरला, अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे दावा चालतो. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. फेरफाराला हरकत आली की ती तक्रार केस होते. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, पुण्याला अपर आयुक्त, शेवटी मंत्री, अशी अपिलांची पायरी चढत जाते. उसाची गाडी बाहेर काढायला रस्ता नाही म्हणून तीन पिढ्या भांडलेली भावकी वाळव्यातही आहे आणि कराडातही.

हे सगळे निकाल देणारे अधिकारी शासनाचे आहेत. त्यांचं प्रशिक्षण पुण्याच्या यशदासारख्या संस्थांत, शासनाच्या पैशाने, शासनाच्या आदेशाने होतं. इथे अनुच्छेद २३५ ची भिंत नाही. इथे आमदार अगदी मनमोकळेपणाने विचारू शकतात. अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीशासारखं निकाल देण्याचं, काम करणाऱ्या किती तहसीलदारांना निकालपत्र लिहिण्याचं प्रशिक्षण दिलं? नवीन नेमणुकीच्या अधिकाऱ्याने पहिली रस्ता केस चालवण्याआधी काही वर्ग होतो का? किती आदेश ‘कारणमीमांसा नाही’ म्हणून अपिलात फेरचौकशीला परत आले?

हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. कलम १४३ आणि कलम ५ यांत गल्लत झाली, म्हणजे नवा रस्ता मागायचा असताना अडवलेल्या रस्त्याचं कलम लावलं, तर वर्षभर चाललेलं प्रकरण अपिलात एका सुनावणीत कोसळतं. पुन्हा नोटिसा, पुन्हा पंचनामा, पुन्हा स्थळपाहणी. कुणी वाईट हेतूने केलेलं नसतं. अधिकाऱ्याला निवडणूक, पूर, पीक पाहणी, टंचाई, पालकमंत्र्यांचा दौरा हे सगळं सांभाळून न्यायही करायचा असतो आणि त्याला ते कुणी नीट शिकवलेलं नसतं.

१९४० च्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. शेतकरी पंच बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे. न्याय वेळेत मिळावा ही इथली अपेक्षा तेवढी जुनी आहे.

न्यायाधीश होण्यासाठी आता वकिलीचा अनुभव लागतो का?

हो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर नव्या विधी पदवीधरांनाही थेट परीक्षा देता येत होती. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कनिष्ठ स्तरावरच्या प्रवेशासाठी किमान ३ वर्षं वकिली हवी, आणि नेमणुकीनंतर न्यायासनावर बसण्याआधी एक वर्षाचं प्रशिक्षण हवं.

विट्याहून, फलटणहून ज्या मुली कायदा शिकून या परीक्षेची तयारी करतात, त्यांच्या घरात यामुळे काळजी आहे. तीन वर्षं तालुक्याच्या कोर्टात नवख्या वकिलाला मिळतं ते किती? इथेही आमदारांना जागा आहे. कनिष्ठ वकिलांना विद्यावेतन देण्याचा विचार शासन करत आहे काय, हे विचारता येतं.

नवे फौजदारी कायदे आणि मराठी, यावर काय विचारावं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पोलिस आणि सरकारी वकील दोन्ही शासनाचे. त्यांना किती दिवस, कोणत्या भाषेतून शिकवलं, हे विचारावं. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे. पक्षकाराला आपल्या दाव्यातलं काम समजत नसेल तर मराठी लघुलेखकांची किती पदं रिक्त आहेत, हा थेट प्रश्न आहे.

कोल्हापूरला उच्च न्यायालय आलं. आता वेगळं काय विचारायचं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले. सांगलीच्या माणसाला आधी मुंबईची पावणेचारशे किलोमीटरच्या आसपासची वारी होती, आता पन्नास किलोमीटर. यासाठी सहाही जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येणाऱ्या पक्षकाराचा चेहरा पाहिला की ते सार्थकी लागल्याचं कळतं.

विचारायचं ते पुढचं: कायमच्या इमारतीसाठी निधी, सरकारी वकिलांच्या नेमणुका, आणि सहा जिल्ह्यांतल्या न्यायिक अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची सत्रं या भागातच घेण्यासाठी उच्च न्यायालयाकडून काही प्रस्ताव आला आहे काय.

मंत्र्यांनी सभागृहात ‘महिनाभरात चौकशी करू’ म्हटलं आणि काही झालंच नाही. आता?

ते वाक्य म्हणजे आश्वासन आहे आणि त्याचा माग ठेवायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. त्या दिवशीच्या कामकाजाचा अहवाल काढा, नेमकी वाक्यं अधोरेखित करा, आणि आमदारांकडून समितीकडे पत्र द्या. सार्वजनिक हिताच्या बाबीसाठी विनंती अर्ज समितीकडे सदस्यामार्फत अर्जही देता येतो.

आमदारांकडे कधी जावं आणि काय घेऊन?

अधिवेशनं साधारण तीन: मुंबईत अर्थसंकल्पीय आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसून उपयोग नसतो. तोवर फार तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा शिल्लक असतो. नागपूरसाठी दिवाळीच्या आधीच कागद द्या.

सोबत एका पानाचा मसुदा, अर्जांच्या पोचा, अपिलाचे आदेश, माहिती अधिकारातलं उत्तर. साहेबांच्या हातात दिलात तरी एक प्रत स्वीय सहायकांकडे द्या आणि तिच्यावर पोच घ्या. प्रश्न ऑनलाइन दाखल झाला की त्याचा क्रमांक विचारून घ्या आणि उत्तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आलं की त्याची छापील प्रत काढून ज्या कचेरीत अर्ज अडकला होता, तिथल्या आवक-जावक टेबलावर नव्या अर्जासोबत जोडून द्या.